डोळे उघडलेलं हेल्मेट

आधी अक्कांचं. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी केली तर पहिल्या पाच ओळी अक्कांच्याच होतील, सहावी माझ्या आईची. अक्का म्हणजे तंजावुरातल्या माझ्या घरमालकीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवतात, एकट्या राहतात, आणि मागची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली आहे. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. अक्का मराठी बोलतात पण वाचत नाहीत, ती अक्षरं त्यांना कुणी शिकवलीच नाहीत. मी मराठी वाचतो पण इंग्रजी वाचत नाही, कारण सातवीच्या सहामाहीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळे आमच्या घरात अशी पद्धत पडली आहे की माझ्या आईचं पत्र आलं की मी ते मोठ्यानं वाचतो आणि अक्का ऐकतात, आणि कंपनीचं पत्र आलं की अक्का ते मोठ्यानं वाचतात आणि मी घाबरतो.

मी सातारा जिल्ह्यातला. शेतीच्या पंपांची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाडलोट करायला लागलो, इंजिनं उघडी पडलेली बघत बघत फिटर झालो. कावेरीच्या खोऱ्यात आमची इंजिनं खपायला लागली तेव्हा मला इकडे पाठवलं. कंपनीनं एक जुनी फटफटी दिली. कालव्याकाठच्या गावांतून फिरायचं, बंद पडलेलं इंजिन चालू करायचं, पुढच्या गावाला जायचं. फटफटी हीच माझी नोकरी. ती काढून घेतली असती तर मला परत जावं लागलं असतं, आणि कारखान्यातली माझी जागा केव्हाच भरली होती. घरी आई आणि दोन बहिणी. हे मला प्रत्येक वळणावर आठवायचं, म्हणून मी वळणं फार हळू घ्यायचो.

तर एक दिवस कंपनीचं परिपत्रक आलं. अक्का ओसरीवर झोपाळ्यावर बसून काप्पी, म्हणजे इकडची कॉफी, पीत होत्या. त्यांनी चष्मा लावला.

"कायकी वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"थांब की. वाचतें." त्यांचं मराठी आमच्या गावच्या जुन्या दस्तऐवजासारखं आहे, फक्त ते तमिळच्या चालीवर वाचल्यासारखं येतं. "एका फिटराचा जबडा मोडला म्हणून लिहिलें आहे. कोठकी उत्तरेकडे."

"बरा आहे ना तो?"

"पेज पितो म्हणतात. आतां ऐक. डोस्कें, कान, हनुवटी, सगळें झांकेल असें हेल्मेट प्रत्येकानें घ्यावें. तोंडासमोरून आडवी पट्टी असावी. ज्यास नाहीं त्याची गाडी काढून घ्यावी. तीन महिन्यांनीं मद्रासहून इंजिनिअर येतील आणि दोन पौंडी हातोडीनें मारून पाहतील."

"डोक्यावर असताना?"

अक्कांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. "तें लिहिलें नाहीं," त्या म्हणाल्या.

सोबत एक चित्र होतं, परदेशी मासिकावरून गिरवलेलं. अंड्याला खिडकी पाडावी तसं दिसत होतं. कंपनी त्यासाठी जी रक्कम देणार होती तीत एक बरी छत्री आली असती.

तंजावुरात त्या वेळी हेल्मेट घालणारा माणूस मी पाहिला नव्हता. आजही एकच पाहतो, आरशात. चीनच्या लढाईनंतर सैन्याचा जुना माल बाजारात विकायला यायचा, त्यात एक लोखंडी टोपी मिळाली, पण तिला हनुवटी नव्हती. भांडी बनवणाऱ्या कारागिरानं सरळ एक पितळी घागर घेतली, माझ्या डोक्यावर पालथी घातली आणि बाहेरून टिचकी मारून आवाज कसा येतो ते पाहिलं. त्याला आवाज आवडला. माझ्या कानात तो दोन दिवस राहिला. मग मला कुणी सांगितलं की वीणा फणसाच्या लाकडाची असते, पोकळ असते, हलकी असते आणि मजबूत असते. मी वीणा बनवणाऱ्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लाकूड सुकायला काही वर्षं लागतील. मी म्हटलं, मला तीन महिने आहेत. ते म्हणाले, मग तुम्ही नोकरी दुसरी बघा, लाकूड दुसरं मिळणार नाही.

त्या दिवशी मी जेवलो नाही. अक्कांनी विचारलं तर सांगितलं की भूक नाही, आणि मग सगळंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, डोस्कें करणारा आमच्या गांवांत एकच. घोड्यांचीं करतो. चल."

इथे देवळांच्या उत्सवात एक नाच असतो. नाचणारे पायांना लाकडी काठ्या बांधतात, कमरेला खोटा घोडा अडकवतात आणि राजा-राणी होऊन घोड्यावर बसल्यासारखे नाचतात. अक्का म्हणतात, हा नाच आमच्याच लोकांनी आणला. इथले तमिळ लोक म्हणतात, आमचाच आहे. मी दोघांनाही हो म्हणतो. तर ते घोडे बनवणारे एक म्हातारे गृहस्थ किल्ल्याच्या बाजूला एका बोळात राहायचे. सगळे त्यांना पेरियवर म्हणायचे, म्हणजे थोरले. मातीच्या साच्यावर जुनं लुगडं आणि कागद यांचे थर द्यायचे, मध्ये चिंचोक्याची खळ, पुन्हा थर. उन्हात सुकलं की ठोकलं तरी लाकडासारखं वाजतं. त्यांचा एक घोडा पंचवीस वर्षं नाचत होता, त्यावर तीन राजे म्हातारे झाले होते.

पेरियवरांनी माझं डोकं नारळाच्या झावळीच्या पातीनं मोजलं. मग ती पाती घोड्याच्या साच्यावर लावली, मान हलवली, राजाच्या साच्यावर लावली.

"तंबी, तुझं डोकं राजापेक्षा लहान आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

"आंत कापूस घाला," अक्का म्हणाल्या.

"घालीन अम्मा. पण राजा तो राजा."

वीस थर दिले. वाळवी आणि मुंग्या लागू नयेत म्हणून खळीत निळं मोरचूद मिसळलं. आत सावरीचा कापूस भरून अस्तर शिवलं. हनुवटीखाली चपलेचा पट्टा लावला. समोरच्या खिडकीला काच कुठून आणायची हा प्रश्न होता, तो अक्कांनी सोडवला. तरुणपणी त्यांना छातीचा आजार झाला होता, मद्रासकडच्या इस्पितळात त्या आठ महिने होत्या. त्या वेळचा एक्स-रे त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. तो त्यांनी गरम पाण्यात सोडा घालून घासून काढला. काळं बरंचसं निघालं, पण बरगड्या पुसट राहिल्या. तेव्हापासून मी कावेरीचं सगळं खोरं, भातशेती, नारळ, कालवे, येणारी बस, सगळं अक्कांच्या बरगड्यांमधून पाहतो. मी म्हटलं, अक्का, तुमची जपून ठेवलेली वस्तू. त्या म्हणाल्या, "आतां त्याचें काय काम? मी आहें की."

इथपर्यंत सगळं सरळ झालं. न्यायला गेलो तर पेरियवर रंगाच्या वाट्या मांडून बसलेले. पोंगलला, म्हणजे इकडच्या संक्रांतीला, बैलांची शिंगं रंगवतात तो तेलरंग. हेल्मेटला त्यांनी गुलाबी चेहऱ्याचा रंग दिला होता.

"डोळे राहिलेत," ते म्हणाले.

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "ह्यास डोळे नको. ह्याच्या आंत ह्याचे डोळे आहेत."

"आतले डोळे त्याचे. ह्याचे कुठे आहेत?"

"हें टोपीसारखें आहे, पेरियवर."

"अम्मा, टोपीला हनुवटी असते का? हनुवटी आहे, गाल आहेत, कान आहेत. हे डोकं आहे. माझ्या बापानं बिनडोळ्यांचं डोकं घराबाहेर जाऊ दिलं नाही. ते डोळे शोधत फिरतं. आणि फटफटीवर फिरलं तर फार फिरेल."

अक्का गणिताच्या शिक्षिका. त्यांनी अर्धा तास वाद घातला, मुद्दे मांडले, हातवारे केले. शेवटी म्हणाल्या, "बारके काढा."

पेरियवरांना बारके डोळे येत नव्हते. कपाळावर वाटीएवढे दोन डोळे आले, पांढरे, काळ्या कडांचे, बाहुलीभोवती लाल. नंतर त्यांनी मलाच विचारलं, "मिशी नको?" मी इतका गोंधळलो होतो की म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं. हनुवटीच्या पट्टीवर या कानापासून त्या कानापर्यंत मिशी आली, टोकांना वर वळलेली.

बाहुल्या मात्र त्यांनी राखून ठेवल्या. त्या शेवटी, चांगली वेळ पाहून काढायच्या असतात आणि समोर आरसा धरायचा असतो, म्हणजे उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर माणसावर पडत नाही. त्यांच्या घरातला आरसा कुणीतरी मागून नेला होता. अक्का म्हणाल्या, गाडीस आरसा आहे. मग फटफटी बोळातून ढकलत दाराशी आणली, हेल्मेट हॅंडलसमोर धरलं, आणि पेरियवरांनी दोन ठिपके दिले. फटफटीच्या त्या वाटोळ्या आरशात ते स्वतःकडे पाहत राहिलं.

"आता हे ह्या गाडीचं झालं," पेरियवर म्हणाले. "दुसऱ्या गाडीवर घालू नकोस."

ते घालून मी पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा बाजारातली माणसं हसतील अशी मला भीती होती. बाजारात हसलेच. एकानं विचारलं, राजेसाहेब, घोडा कुठे? दुसरा म्हणाला, घोडा पेट्रोल प्यायला गेलाय. ते मला सोसलं असतं. गावांत कुणी हसलं नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

इकडे गावाच्या वेशीवर राखणदार देव बसलेला असतो. मोठे डोळे, वर वळलेली मिशी, भोवती मातीचे घोडे. तो गावाभोवती फिरून राखण करतो असं म्हणतात. मला हे माहीत होतं, पण माझ्या कपाळावर काय काढलंय ते मी घातल्यावर मला दिसत नव्हतं. चहाच्या टपरीवरचे म्हातारे मी गेलो की बाकावरून उठायचे. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बाया पदर सावरायच्या. उन्हात घाम आला की मोरचूद अस्तरातून उतरायचं आणि माझं कपाळ निळसर व्हायचं. मी हेल्मेट काढलं की लोक त्या निळ्या कपाळाकडे बघून आपसात मान हलवायचे. मी कुणाला काही सांगितलं नाही. एवढं समजावून सांगण्यापुरती तमिळ मला येत नव्हती, आणि आली असती तरी काय सांगणार.

एका गावच्या मिरासदारांचं, म्हणजे तिथल्या मोठ्या जमीनदारांचं, इंजिन चार दिवस बंद होतं. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं. मी पोहोचलो तर रस्त्यावरच माणसं उभी. कुणीतरी फटफटीसमोर नारळ फोडला. मी उतरून पट्टा सोडायला हात वर केला तर मिरासदार म्हणाले, "राहू द्या. आधी त्यांना इंजिन बघू द्या."

"कुणाला?"

त्यांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं.

मी हेल्मेट घालूनच इंजिनापुढे बसलो. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, बाकी काही नव्हतं. नट सैल केला, हातपंप मारला, बुडबुडे जाऊन साफ डिझेल यायला लागल्यावर नट आवळला. हॅंडल मारलं, इंजिन लागलं. पाटात पाणी आलं. मिरासदारांनी हात जोडले, पण माझ्या नजरेच्या चार बोटं वर. निघताना ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही गेलात तरी चालेल. ह्यांना आजचा दिवस ठेवा."

मी म्हटलं, हे गाडीबरोबर असतात. ते म्हणाले, मग गाडीही ठेवा.

पुढं पुढं कंपनीच्या तंजावुरातल्या एजंटाच्या दुकानात निरोप यायला लागले की डोळेवाला फिटर पाठवा. माझं काम वाढलं. पण मद्रासच्या साहेबांचा दिवस जवळ येत होता आणि मी रोज हेल्मेटवर टिचकी मारून पाहत होतो. वीस थर लुगडं आणि कागद, आणि दोन पौंडी हातोडी. त्यात सगळी माझी नोकरी.

साहेब आले ते पोंगल होऊन गेल्यावर, कापणीच्या दिवसांत. मद्रासचेच, तरुण, इस्त्रीची पॅंट. मी अक्कांना विनंती करून बरोबर नेलं होतं, इंग्रजीत काही विचारलं तर म्हणून. त्यांनी शाळेतून अर्धी रजा काढली. दुर्दैवानं त्याच सकाळी ते मिरासदार एजंटाच्या दुकानात वॉशर न्यायला आले होते, आणि त्यांच्याबरोबर गावचे सात-आठ जण.

साहेबांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. हेल्मेटनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ते फिरवून ठेवलं. मग चित्र काढून पडताळलं: डोकं, कान, हनुवटी, पट्टी. सगळं होतं. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली.

"हे काय करता?" मिरासदार म्हणाले.

"तपासणी."

"डोळे उघडलेल्याला हातोडीनं मारता?"

"अय्या," साहेब म्हणाले, इकडे मोठ्या माणसाला असं म्हणतात, "हे कागदाचं आहे."

"देव मातीचा असतो, म्हणून मारतो का कुणी?"

बाकीचे सात-आठ जण दुकानात शिरले. टेबलाभोवती उभे राहिले. साहेबांनी हातोडी उचलली, डोळ्यांकडे पाहिलं, खाली ठेवली. मला म्हणाले, "मी असलं काही मानत नाही." मी म्हटलं, मीही नाही साहेब. "पण मारलं नाही तर पास करता येणार नाही," ते म्हणाले, "आणि पास नाही तर गाडी आजच मालगाडीत चढवावी लागेल."

मी डिझेलच्या पिंपावर बसलो. तेव्हा अक्का पुढे झाल्या आणि इंग्रजीत बोलल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं: परिपत्रकात शेवटी लिहिलं आहे की अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. खात्री हे मुख्य, हातोडी हे साधन. साहेबांनी स्वतः घालून गाडी चालवून पाहावी, आणि डोक्याला काय वाटतं त्यावरून खात्री करावी. शाळेत उत्तर बरोबर आलं तर त्या दुसऱ्या रीतीलाही गुण देतात.

साहेबांनी मिरासदारांकडे पाहिलं. मिरासदार म्हणाले, "घाला. घातलं तर चालतं. गाडी मात्र हीच."

साहेबांनी हेल्मेट घातलं. आतला कापूस दबला आणि ते त्यांना घट्ट बसलं. त्यांचं डोकं राजाएवढं निघालं. फटफटी सुरू केली आणि तिरुवैयारुच्या रस्त्याला लागले.

कापणीच्या दिवसांत इकडचे शेतकरी भाताचे भारे डांबरी रस्त्यावर पसरतात. बसगाड्या, बैलगाड्या वरून जातात आणि मळणी फुकटात होते. मला ते ठाऊक होतं, मी तिथे उतरून फटफटी ढकलत नेतो. साहेबांना हे सांगायचं माझ्या लक्षात आलं तेव्हा ते दिसेनासे झाले होते.

पाऊण तासानं ते परत आले. चालत. फटफटी दोघं जण ढकलत होते आणि मागून तीसेक माणसं येत होती. साहेबांच्या गळ्यात लिंबांची माळ होती. इस्त्रीच्या पॅंटला गुडघा नव्हता. हेल्मेट डोक्यावर होतं, आणि मिशीची डावी बाजू पार खरवडून गेली होती. खालचा कागद, त्याखालचं लुगडं, सात-आठ थर दिसत होते. त्याच्या आत साहेबांची हनुवटी होती.

मी धावत गेलो. "साहेब, लागलं का?"

ते काहीतरी बोलले, आतून ऐकू येईना. पट्टा सोडायला गेलो तर बक्कल वाकून अडकलेलं. त्यांनी हातानंच खूण केली, कागद आणा. पेन दिलं. एक्स-रेच्या खिडकीतून वाकून, हेल्मेट घालूनच त्यांनी अहवाल लिहिला आणि सही केली. अक्कांनी खांद्यावरून वाचून मला मान हलवली. मग मी पक्कडीनं बक्कल कापलं. साहेब बाहेर आले, केस विस्कटलेले, कपाळ निळं. हात हनुवटीवर फिरवून त्यांनी सगळे दात जिभेनं मोजल्यासारखं केलं.

"भाताच्या पेंढ्यांवर तोंडावर पडलो," ते म्हणाले. "लोकांनी उचललं. कुणी लागलं का विचारलं नाही. पाऊस कधी, ते विचारलं."

"काय सांगितलंत?" अक्कांनी विचारलं.

"घाबरून मान हलवली. त्यांनी माळ घातली."

जाताना त्यांनी पेरियवरांचा पत्ता घेतला. त्यांना स्वतःला एक हवं होतं, पण डोळे आणि मिशीशिवाय. पेरियवरांना मी तसं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मिशी नको? मग साहेबांचं लग्न कसं जमणार?" आणि नाही म्हणाले.

महिन्याभरानं मुख्य कचेरीचं पत्र आलं. अक्कांनी चष्मा लावला, मी झोपाळ्याची कडी धरून उभा राहिलो. हेल्मेट मंजूर. गाडी माझ्याकडेच राहणार. फिटर म्हणून मी कायम. शेवटी एक शेरा: डोळ्यांची आवश्यकता दिसत नाही, काढून टाकावेत.

उघडलेले डोळे काढता येत नाहीत. पेरियवरांच्या शास्त्रात त्याला विसर्जन एवढाच उपाय आहे. मला पुन्हा धडकी भरली. अक्कांनी त्यांच्या जुन्या निळ्या लुगड्याचा एक घुंघट शिवला, नाडी ओढली की डोळ्यांवर येतो, सोडली की मागे जातो. गावात उघडा, दुकानासमोर बंद. शिवताना त्यांनी सुईत दोरा ओवत सहज विचारलं, "तुमच्याकडे कृष्णा म्हणतात ती नदी कावेरीएवढी आहे कां रे?" मी म्हटलं, पावसाळ्यात असते. त्या म्हणाल्या, "आमच्या घरांत दहा पिढ्या तिचें नांव घेतात. पाहिली कोणीं नाहीं." आणि दोरा दातानं तोडला.

अजून मी तंजावुरातच आहे, फटफटीही आहे, जबडाही आहे. रजा साठवतो आहे. हे लिहून ठेवतो म्हणजे मला मागे फिरता येणार नाही: एक दिवस अक्कांना खिडकीजवळच्या जागेचं तिकीट काढून मी आमच्या गावी नेईन, आईच्या हातचं जेवण झालं की घाटावर नेऊन कृष्णेच्या पाण्यात त्यांचे पाय बुडवीन, आणि ती कावेरीपेक्षा लहान आहे असं त्या म्हणाल्या तर वाद घालणार नाही.